साप पकडायला नको, ओळखायला शिकवूया



पावसाळा लागला की शाळेच्या आवारात साप निघतो, मुलं ओरडतात आणि कुणीतरी काठी आणायला धावतं. तुमच्याकडेही हेच होत असेल. पण आज काठीबद्दल नाही, माझ्याच एका चुकीबद्दल लिहितोय.

काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने जाळ्यात अडकलेला साप सोडवून प्लास्टिकच्या बरणीत घालून वर्गात आणला. मी बघितलं, दिवड होता. काही भागात याला विरोळा म्हणतात. बिनविषारी, विहिरी-ओढ्याकाठी राहणारा, बेडूक आणि मासे खाणारा. मला वाटलं, चला, विज्ञानाचा जिवंत पाठ झाला! झाकणाला भोकं पाडली आणि बरणी खिडकीत ठेवली. मुलांनी मोबाइलवर व्हिडिओ शोधले, मासळीचे तुकडे टाकले. सापाने तोंडही लावलं नाही. तिसऱ्या दिवशी तो मेला.

पण खरा धडा पुढे आहे. पंधरा दिवसांनी त्याच वर्गातल्या एका मुलाने घरी सरपणातला पट्ट्यापट्ट्यांचा साप उचलायला हात घातला. "आजी, हा कवड्या आहे, काही करत नाही." आजीने त्याला दंडाला धरून मागे खेचला. तो मण्यार होता.

मुलाची चूक काय? साप हातात घ्यायची भीती मी घालवली होती आणि ओळख मात्र अर्धीच करून दिली होती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शाळेत जिवंत साप आणू नये, आणलेला ठेवू नये. पण सापांची ओळख मात्र नीट, चित्रं दाखवून, पुन्हा पुन्हा करून द्यावी.

आता ती मुलं बघत होती ते व्हिडिओ. ते होते गार्टर स्नेकचे. हा उत्तर अमेरिकेतला साप, बहुधा अंगावर लांब पट्टे असलेला, आपल्या दिवडाच्याच गटातला. तिकडे बरेच जण तो पाळतात. पण दिवड अंडी घालतो, गार्टर स्नेक पिल्लांना जन्म देतो. त्याची निगा बघून आपला साप सांभाळायचा, हे काही खरं नाही. शिवाय आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सापांना संरक्षण आहे. परवानगीशिवाय त्यांना पकडून ठेवणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

मुलांना काय ओळखायला शिकवाल?

आधी चार विषारी साप: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मग त्यांच्या जोडीला त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप.

दिवड: अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी, डोळ्यापासून मागे उतरणाऱ्या दोन तिरप्या काळ्या रेषा. घाबरला की मान चपटी करतो. लोक त्याला नाग समजतात आणि बिचारा मारला जातो. हा चटकन चावतोही.

मण्यार आणि कवड्या: मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचं उलट, पट्टे डोक्याजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट.

घोणस आणि डुरक्या घोणस: घोणसीच्या पाठीवर साखळीसारखे ठिपक्यांचे तीन पट्टे. डुरक्या घोणसीचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड.

हे सगळं चित्रात तपासायचं, जिवंत सापावर नाही. समोर साप दिसला की नियम एकच: तो विषारी आहे असं समजून लांब उभं राहायचं आणि मोठ्यांना हाक मारायची.

आणि सापडलेला साप?

जाळ्यात अडकलेला किंवा जखमी साप दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा जवळच्या सर्पमित्राला फोन करा. ते येईपर्यंत गर्दी हटवा आणि लांबून सापावर नजर ठेवा. दूध देऊ नका, साप दूध पीत नाही. मासळी नको, पाणी ओतणं नको. साप धडधाकट असेल तर त्याची सगळ्यात चांगली काळजी म्हणजे त्याला लवकरात लवकर त्याच परिसरात परत सोडणं. तिथलं पाणी, बिळं, खाणं त्याला माहीत असतं.

कुणाला साप चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. मांत्रिकाकडे तर नकोच. चावलेला भाग हलू न देता थेट दवाखाना गाठा. मण्यारीच्या दंशाला कधी कधी सूजही येत नाही, दुखतही नाही. "काही झालं नाही" म्हणून घरी थांबू नका.

आमच्या वर्गात आता बरणी नाही, भिंतीवर सापांचा तक्ता आहे. परवा तोच मुलगा पाचवीच्या पोरांना मण्यार आणि कवड्यातला फरक समजावत होता. हात मात्र पाठीमागे बांधलेले!

तुमच्या शाळेत असा तक्ता आहे का? नसेल तर या पावसाळ्याआधी मुलांकडूनच करून घ्या. आणि पालकहो, आज रात्री जेवताना मुलांना एवढंच विचारा, "साप दिसला तर तू काय करशील?" उत्तर ऐकून मग काय शिकवायचं ते ठरवा.