पाच सेकंदांची घंटा : आपल्या शैक्षणिक व्हिडिओचा इंट्रो कसा असावा?



आपल्यापैकी बरेच जण आता पाठांचे व्हिडिओ तयार करतात. २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत आपण मोबाईलसमोर उभे राहिलो. पुढे शाळा उघडल्या, तरी ही सवय टिकली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण व्हिडिओच्या सुरुवातीला आपण जो इंट्रो लावतो, त्याबद्दल मला आज थोडं स्पष्ट बोलायचं आहे.

सुरुवात स्वतःपासूनच करतो. माझा पहिला इंट्रो वीस सेकंदांचा होता. काळ्या पडद्यावर सोनेरी अक्षरं गरगर फिरत यायची. मागे ढोल-ताशा. मग माझा फोटो, नाव, पदव्या, शाळा, तालुका, जिल्हा आणि शेवटी 'सबस्क्राईब करा'. दोन रात्री जागून तो केला होता. फार अभिमान वाटायचा.

एकदा एका पालकांच्या घरी गेलो होतो. त्यांची पाचवीतली मुलगी वडिलांच्या मोबाईलवर माझाच व्हिडिओ लावून बसली होती. व्हिडिओ सुरू होताच तिने बोटाने तो पुढे ढकलला. मी विचारलं, "काय गं, पुढे का ढकललास?" ती सहज म्हणाली, "सर, ते तुमचं नाव येतं ना, ते मला पाठ झालंय. धडा त्याच्या पुढे असतो."

तिच्या मनात काहीच वाकडं नव्हतं, पण मला जे कळायचं ते कळलं.

हा वेळ कोणाचा?

भोरहून वरंधा घाटाच्या रस्त्याला लागलं की नीरा-देवघर धरणाच्या कडेने हिर्डोशी लागतं. हा सगळा हिरडस मावळ, डोंगराचा आणि धो धो पावसाचा मुलूख. अशा खोऱ्यातल्या मुलाचा विचार करा. घरात मोबाईल एकच, तोही वडील संध्याकाळी घरी आल्यावर हातात मिळणार. पावसात वीज जाते, चार्जिंग संपत आलेलं असतं, आणि रेंज हवी तर ओट्याच्या त्याच एका कोपऱ्यात जाऊन बसायचं. एवढं सगळं जुळून आल्यावर त्या मुलाने काय बघायचं? तर आपल्या पदव्या!

जरा हिशोब करू. वर्षाला ६० व्हिडिओ आणि प्रत्येकात २० सेकंदांचा इंट्रो, म्हणजे १२०० सेकंद. एका मुलाची २० मिनिटं. वर्गात २५ मुलं असतील तर ५०० मिनिटं, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. शाळेच्या एका अख्ख्या दिवसापेक्षा जास्त वेळ आपण आपलंच नाव दाखवण्यात घालवतो. खात्री करायची असेल तर यूट्यूब स्टुडिओत आपल्या व्हिडिओचा आलेख उघडून बघा. बघणारे कोणत्या ठिकाणी कमी झाले, ते त्यात दिसतं.

मग इंट्रो नकोच का?

तसं नाही. खूण हवीच. शाळेत तास सुरू होताना घंटा होते, ती कशासाठी? मुलांनी सावरून बसावं म्हणून. इंट्रोचं कामही तेवढंच आहे.

आपल्याकडे याचं फार सुंदर उदाहरण आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्यात आली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभातच्या चित्रपटांची खूण होती तुतारी फुंकणारी स्त्री. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी असे पाच भागीदार होते, पण त्या खुणेत एकाचाही चेहरा नव्हता. प्रभात म्हणजे पहाट आणि तुतारी म्हणजे वर्दी. ती बघितली की कळायचं, आता चित्रपट सुरू होणार. आज जवळजवळ शंभर वर्षांनीही 'प्रभातची तुतारी' म्हटलं की मराठी माणसाला ओळख पटते.

आकाशवाणीची सकाळची धून आठवा. वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली ती धून कित्येक घरांत दिवस उगवल्याची खूण होती. पण ती वाजायची प्रसारण सुरू होताना. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी तीच पूर्ण धून ऐकावी लागली असती, तर लोकांनी रेडिओ बंद केला असता! आपला इंट्रो मात्र प्रत्येक पाठाला येतो. म्हणून तो छोटाच हवा.

माझा सध्याचा इंट्रो

आता माझा इंट्रो पाच सेकंदांचा आहे आणि तो असा केला :

१) शाळेची खरी घंटा मोबाईलवर रेकॉर्ड केली. दोनच टोल. चित्रपटाचं गाणं लावलं तर कॉपीराईटचा दावा येऊ शकतो. आपल्या घंटेवर कोण दावा करणार? संगीत हवंच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत मिळतं.

२) चित्र मुलांकडून काढून घेतलं. डोंगर, धरणाचं पाणी आणि भाताची खाचरं. कागद उजेडात ठेवून मोबाईल आडवा धरून फोटो काढला. गडाचं चित्र लावायचंच असेल, तर नेटवरचा कुठला तरी गड कशाला? रोहिडा आपल्याच तालुक्यात आहे की!

३) काइनमास्टर किंवा कॅनव्हासारख्या ॲपमध्ये चित्र, घंटा आणि ठसठशीत अक्षरांत दोनच ओळी घेतल्या : विषय आणि पाठाचं नाव. पाठाचं नाव तेवढं दर वेळी बदलायचं.

४) मुलांचे चेहरे आणि नावं टाकली नाहीत. एकत्र आवाज घ्यायचा असेल तर आधी पालकांना विचारावं. व्हिडिओ एकदा बाहेर गेला की तो कुठे फिरेल ते आपल्या हातात राहत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी प्रश्न, मग घंटा. "दोन भाकरी आहेत आणि खाणारे तीन जण, तर प्रत्येकाला किती येईल?" एवढं विचारायचं, मग इंट्रो वाजवायचा आणि लगेच अपूर्णांक सुरू. उत्तर हवं असतं, म्हणून मूल थांबतं.

"पण सर, मेहनत आमची असते ना!"

हे मला बरेच सहकारी म्हणतात आणि त्यात चूक काहीच नाही. आपण रात्री जागून केलेला व्हिडिओ कोणीतरी उचलतो आणि स्वतःच्या नावाने फिरवतो. राग येणारच. पण सुरुवातीचे वीस सेकंद कापून टाकणं त्याला कितीसं अवघड आहे? त्यापेक्षा पडद्याच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत नाव शेवटपर्यंत राहू द्या. पूर्ण परिचय व्हिडिओच्या शेवटी आणि खालच्या माहितीत द्या. ज्याला पाठ आवडेल, तो नाव शोधतोच.

वर्गात गेल्यावर आपण रोज फळ्यावर आपल्या पदव्या लिहीत नाही. तारीख लिहितो, विषय लिहितो आणि शिकवायला लागतो. मग मोबाईलच्या पडद्यावरच आपल्याला एवढी घाई का होते?

परवा त्याच मुलीला नवीन व्हिडिओ बघताना पाहिलं. घंटा वाजली. तिने बोट पुढे नेलं नाही. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला म्हणाली, "गप रे, सुरू झालं."

माझ्या मते इंट्रोने एवढं केलं तरी पुष्कळ झालं.