पडदा भरण्याचा हव्यास

संगणकावरील जुना खेळ नव्या पडद्यावर लावला की आमचे विद्यार्थी प्रथम काय करतात, तर चित्र ताणून पडदा काठोकाठ भरतात. बाजूस काळी पट्टी राहिली तर आपल्या हक्काचे काही हिरावले गेले, असे त्यांस वाटते. ही रीत आम्हांस मान्य नाही. कलाशाखेच्या माणसाने या विषयात पडावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु चित्राचे प्रमाण हा विषय मूळचा कलेचाच आहे.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ घ्या. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावास धावावयास व उड्या मारावयास लावून त्याचे चित्रीकरण केले, आणि त्यावरून नायकाची एकेक हालचाल रेखाटली. हा खेळ १९८९ साली प्रथम अ‍ॅपल टू या यंत्रावर आला व १९९० साली डॉस प्रणालीवर. त्यातील माणूस माणसासारखा धावतो, हीच त्याची थोरवी. डॉसवरील चित्र आडवे ३२० व उभे २०० ठिपक्यांचे असे, आणि ज्या फुगीर काचेच्या पडद्यावर ते उमटे त्याची रुंदी व उंची चारास तीन या प्रमाणात होती. आजचा नेहमीचा पडदा सोळास नऊ, म्हणजे १९२० × १०८० ठिपक्यांचा. त्यावर चित्र ताणले की तो चपळ तरुण एक तृतीयांशाने रुंदावतो आणि उडी मारताना भाताचे पोते फेकल्यासारखा दिसतो. आजोबांची तसबीर नव्या चौकटीस अपुरी पडली, म्हणून आजोबांस कोणी ताणील काय?

दुसरा पक्ष काटेकोरांचा. ३२० व २०० हे मूळ आकडे, दोहोंस पाचाने गुणा, १६०० × १००० मिळाले की चित्र अस्सल, असे ते म्हणतात. हे म्हणणे वरवर बिनतोड आहे, म्हणूनच अधिक फसवे. जुन्या पडद्यावरील ठिपका चौरस नव्हताच; तो रुंदीपेक्षा एक पंचमांशाने उंच असे. चित्रकार तोच पडदा पाहून रंग भरी. डोळ्यांस गोल दिसणारे वर्तुळ ठिपक्यांच्या हिशेबात बसकेच असे. आकडे पाळले आणि उंची षष्ठांशाने घटली, यास अस्सल कसे म्हणावे?

‘डॉसबॉक्स’मध्ये मांडणीच्या फाइलीत ‘अ‍ॅस्पेक्ट’ अशी नोंद असते. ती ‘ट्रू’ केली की चारास तीनचे प्रमाण परत येते : मध्ये १४४० × १०८० चे चित्र, दोन्ही अंगांस २४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या. तथापि एक अडचण उरते. २०० ओळी १०८० मध्ये बसविताना प्रत्येकीच्या वाट्यास ५.४ येतात, तेव्हा काही ओळी पाचाच्या होतात, काही सहाच्या, आणि चित्रातील रेघा उगाच जाडबारीक दिसू लागतात. कडा सौम्य करून हा दोष झाकता येतो, पण मग रेखीव चित्रावर धुके पसरते. आमची पसंती निराळी आहे : रुंदी चौपट, उंची पाचपट. १२८० × १००० चे हे चित्र मूळ प्रमाणाहून चार टक्के अरुंद खरे, परंतु ठिपका न् ठिपका सारखा व धारदार. १२०० ओळींचा पडदा लाभल्यास रुंदी पाचपट व उंची सहापट करावी. तेथे तडजोडीचे कारणच उरत नाही.

काळ्या पट्ट्या पहिली दोन-चार मिनिटे खुपतात. पण नायकास तळघरातून सुटावयास अवघा एक तास दिलेला असतो. त्यात त्यांच्याकडे पाहण्यास सवड कोणास?