मराठी प्रश्नपत्रिका सीमेपाशी का अडते?

सुरत शहरातील लिंबायत या वस्तीत जो मराठी माणूस प्रथमच पाऊल ठेवील, त्यास आपण गुजरातेत आहो की धुळे-अमळनेरच्या एखाद्या पेठेत, असा क्षणभर भ्रम पडल्यावाचून राहणार नाही. ओट्याओट्यांवर अहिराणी बोलली जाते. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने खानदेशची माणसे पिढ्यान् पिढ्या येथे आली. त्यांनी यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या, त्यांच्या बायकांनी घरी बसून साड्यांवर टिकल्या लावल्या, आणि सुरतेचे कापड देशभर गेले. ज्या सुरतेवर छत्रपती शिवरायांनी १६६४ व १६७० साली स्वारी केली, तिच्या आजच्या वैभवात मराठी मजुराचा घाम मुरलेला आहे.

या मजुराच्या मुलास आता माग नको आहे. त्यास संगणक हवा आहे, सॉफ्टवेअरचे शिक्षण हवे आहे. यात गैर ते काय? आणि सुरतेत या शिक्षणाची वाण आहे असेही नाही. १९१२ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीने १९९५ साली अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. तेथे संगणक व माहिती तंत्रज्ञान शिकवले जाते, आणि २०२१ साली याच सोसायटीचे खाजगी विद्यापीठही झाले. २०१७ साली सुरतेस भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आली. तिच्या योजनेत केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा ३५ टक्के व उद्योगांचा १५ टक्के. गांधीनगरला तर २००१ पासून अंबानींच्या पैशावर उभी राहिलेली स्वतंत्र संस्था आहे. खाजगी पैशाने विद्येची मंदिरे उभी राहावीत यास आमचा विरोध नाही. टिळक-आगरकरांची न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली कोणत्या सरकारने काढली होती? आमचा प्रश्न मंदिराविषयी नाही, त्याच्या दारावर बसविलेल्या कुलुपाविषयी आहे.

हे कुलूप कोणते, ते आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावे. सुरतेची महानगरपालिका आपल्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालविते. त्यांत मराठी आहे, आणि त्याबद्दल आम्ही तिचे मोकळ्या मनाने अभिनंदन करतो. गुजरातचे परीक्षा मंडळ दहावीची परीक्षा मराठी माध्यमातून घेते. म्हणजे दहावीपर्यंत मराठी ही त्या राज्यास ठाऊक असलेली भाषा आहे! परंतु अभियांत्रिकीच्या दारात उभे राहिले की तेच राज्य तीच भाषा विसरते. राज्याच्या प्रवेश समितीमार्फत भरल्या जाणाऱ्या जागांसाठी जी गुजसेट परीक्षा होते, तिची प्रश्नपत्रिका गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा तीनच भाषांत निघते. लिंबायतच्या मुलाने दहा वर्षे ज्या भाषेत गणित सोडविले, त्या भाषेस तेथे मज्जाव आहे.

मग केंद्राची परीक्षा तरी आहे ना, असे कोणी म्हणेल. जेईई मेन २०२१ पासून तेरा भाषांत होते. त्यांत मराठीही आहे. पण हे औदार्य केवढे आहे पाहा! मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती केवळ महाराष्ट्रातील केंद्रांवर. लिंबायतच्या मुलास ती हवी असेल तर त्याने धुळे वा जळगाव गाठावे. आणि बेळगावकरहो, खानापूरकरहो, निपाणीकरहो, तुमच्या मुलानेही ती हवी असल्यास कोल्हापूरची गाडी धरावी! परीक्षा एक, भाषा एक, पेपर काढणारी दिल्लीची संस्था एक; प्रश्नपत्रिका मात्र राज्याच्या सीमेपाशी येऊन अडते. सीमा म्हणजे नकाशावरची रेघ, असे आम्हास आजवर सांगण्यात आले. ती रेघ आता आमच्या मुलांच्या उत्तरपत्रिकेवरून ओढली गेली आहे.

यावर काही शहाणे आम्हास विचारतील, "पुढे सारे शिक्षण इंग्रजीतच घ्यावयाचे, मग प्रवेशापुरती मराठी कशास?" उत्तर सोपे आहे. हाच न्याय खरा असता तर गुजसेटमधून गुजराती आणि हिंदीही काढून टाकाव्या लागतील. तसे कोणी करणार नाही, करूही नये. प्रवेशपरीक्षेने मुलाची बुद्धी पारखावयाची असते. इंग्रजी चार वर्षांत शिकता येते. दारातच नाकारलेली जागा पुन्हा मिळत नाही. आणि संगणकाचे शास्त्र मराठीस झेपत नाही हा समजही आता जुना झाला. २०२१ साली पिंपरी-चिंचवड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम मराठीतून सुरू केला आहे.

पण केवळ गुजरातला दोष देऊन आम्ही थांबलो तर ती आत्मवंचना होईल. १९६० साली राज्ये विभागली गेली तेव्हा डांग गेले, उंबरगाव गेले, पश्चिम खानदेशातील नवापूर-नंदुरबारकडील गावे गेली. आणि १ मेच्या जल्लोषात महाराष्ट्राने तिकडे पाठ फिरविली. आम्ही कर्नाटक सीमेवर झगडत राहिलो, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा उभा आहे, म्हणूनच आमच्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या मुलांस महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून धरले जाते. ही सवलत कोणी खिरापत म्हणून वाटलेली नाही. हुतात्म्यांच्या रक्ताने ती मिळाली आहे. जेथे दावा सोडला गेला, तेथे हे दारही लागले. महाराष्ट्राचा अधिवास सुटलेल्या सुरतेतील मराठी कुटुंबास अशी कोणतीही सोय नाही. दावा सोडण्याची किंमत पुढच्या पिढ्या कशी मोजतात, याचा याहून स्पष्ट दाखला आमच्यातील थकलेल्या आणि तडजोडीस उतावीळ झालेल्या मंडळींस आणखी कोणता हवा?

आणि मुंबईच्या राज्यकर्त्यांनी तरी इतरांकडे बोट कोणत्या तोंडाने दाखवावे? त्यांच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र मराठीत मिळते. गणिताचा पेपर मात्र वर्षानुवर्षे इंग्रजीतच निघत आला. घरच्या म्हातारीस उपाशी ठेवून शेजाऱ्यास अन्नदानाचे पुण्य सांगण्यासारखे हे आहे!

म्हणून आमच्या मागण्या स्वच्छ आहेत. गुजसेटची प्रश्नपत्रिका मराठीत निघाली पाहिजे. जेईईची मराठी प्रश्नपत्रिका सुरत आणि बेळगाव येथील केंद्रांवर मिळाली पाहिजे. सीमाभागाची सवलत महाराष्ट्राने गुजरातेत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांपर्यंत नेली पाहिजे. उद्योगपतींच्या पैशावर उभ्या असलेल्या संस्थांनी, ज्या शहराच्या श्रमातून तो पैसा आला, तेथील पालिकेच्या शाळांतून आलेल्या मुलांसाठी काही जागा विनाशुल्क राखल्या पाहिजेत. कारण तेथील एका वर्षाचे शुल्क मागावरच्या बापाची कित्येक महिन्यांची मजुरी गिळून टाकते. लिंबायतमधून २०१२, २०१७ व २०२२ साली संगीता पाटील निवडून आल्या; हा भाग ज्या नवसारी मतदारसंघात येतो त्याचे खासदार सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मले आणि २०२४ साली केंद्रात मंत्री झाले. विधानसभेत आणि दिल्लीत हा प्रश्न मांडण्यास यांच्याहून योग्य माणसे कोण?

आणि सरतेशेवटी एक शब्द आमच्या स्वतःच्या लोकांस. घटनेच्या तिसाव्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांस स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा अधिकार दिला आहे. बेळगावात १९१६ साली सात शिक्षकांनी उभी केलेली के. एल. ई. संस्था आज केवढी झाली, हे आपण रोज डोळ्यांनी पाहतो. कन्नडिगांनी आपल्या भाषेसाठी जे केले त्याचा मत्सर करण्यापेक्षा धडा घेणे बरे. येथील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कन्नडचा विषय आहे. मराठीचा नाही, कारण तो असावा म्हणून हट्ट धरणारी आमची संस्था नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून संगणकाचा एक वर्ग, एक मराठी शिक्षक, प्रवेशपरीक्षेची एक शिकवणी, एवढे लिंबायतमध्ये आणि बेळगावात उद्या सुरू होऊ शकते. लढा रस्त्यावर चालू राहीलच. तो आता वर्गातही नेला पाहिजे!