बंद खोलीतील पीक आणि टांगता दिवा

कळंब तालुका हा कपाशी, सोयाबीन व तूर यांचा मुलूख. येथील शेतकऱ्यास पावसाची वाण पडली, भावाची पडली, पण उन्हाची म्हणून कधी पडली नाही. अशा ठिकाणी विजेच्या दिव्याखाली पीक वाढविण्याची गोष्ट काढली म्हणजे वडीलधारी मंडळी हसतात, आणि त्यांचे हसणे अगदीच अनाठायी आहे असे आम्हांस वाटत नाही. तथापि पुण्याकडे व इतरत्र बंद खोलीत केशर काढल्याच्या वार्ता येथवर पोचल्या आहेत. घरची रिकामी खोली किंवा जुने कोठार या कामी लावावे, असे काही तरुण बंधू बोलू लागले आहेत. या धंद्याच्या नफ्यातोट्याचा सगळा हिशेब आज आम्ही मांडीत नाही. खोली थाटून देणारे व्यापारी ज्या गोष्टीविषयी बहुधा अवाक्षर काढीत नाहीत, तिच्याविषयीच लिहावयाचे आहे. ती म्हणजे दिवा टांगण्याची रीत. आमचे स्पष्ट मत असे की, ज्या खोलीत दिवा सहज वर-खाली करता येत नाही, त्या खोलीत शेतकऱ्याने पैसा घालू नये.

सूर्य आपल्यापासून इतका दूर आहे की, रोप वीतभर वाढले काय किंवा पुरुषभर वाढले काय, त्याला मिळणाऱ्या उन्हात फरक पडत नाही. दिव्याचे तसे नाही. एकट्या उघड्या दिव्याचे अंतर दुप्पट केले की पानावर पडणारा उजेड चौथाईवर येतो. लांब नळीच्या दिव्याजवळ तो सुमारे निम्म्यावर येतो. वाफाभर पसरलेले रुंद दिवे व पांढऱ्या भिंती असल्या तर घट याहून कमी होते, परंतु होतेच. विजेचे मीटर मात्र दिवा हातभर अंतरावर असो की दोन हात, सारखेच फिरते. 100 वॅटचा दिवा रोज 12 तास जळाला तर महिन्यास 36 युनिटे होतात. असे दहा दिवे म्हणजे 360. यांतील निम्मा उजेड वाटेतच वाया गेला, तर निम्मे बिल आपण भिंतींस उजळण्यासाठी भरले असे होते. दिवा दूर राहिला की रोपे उंच व लेचीपेची होतात. फार जवळ आला की शेंड्याची पाने फिकी पडून कडा करपतात. मिरचीचे रोप पेरणीपासून सुमारे 35 ते 40 दिवसांत लागवडीस येते. तेवढ्या अवधीत योग्य अंतर रोज थोडे थोडे बदलत असते, आणि एका जागी खिळलेला दिवा त्यांतील चारदोन दिवसांपुरताच बरोबर असतो.

केशराच्या बाबतीत हे अधिकच नडते. केशराचे फूल कंदातील साठ्यावर येते, त्यास प्रखर उजेड लागत नाही. म्हणून चित्रांत दिसणारी जांभळी फुले पाहून दिव्यांची परीक्षा होत नाही. खरे काम फुले खुडल्यानंतर सुरू होते. पाने वीत-दीड वीत वाढतात, कित्येक महिने हिरवी राहतात, आणि त्यांनी घेतलेल्या उजेडावर पुढील सालचे कंद पोसतात. सुमारे 8 ग्रॅमहून हलका कंद सहसा फूल देत नाही. सबब पानांस उजेड कमी पडला की पुढील वर्षी शेतकऱ्यास पुन्हा कंद विकत घ्यावे लागतात. व्यापाऱ्याचा धंदा तेथेच चालू राहतो आणि शेतकऱ्याचा तेथेच बुडतो.

यावर कोणी म्हणेल की, जळगावास जैन इरिगेशनच्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत केळीची रोपे होतात, तशा खोल्यांतील दिवे तर मांडणीला पक्के बसविलेले असतात. खरे आहे, पण बाटलीतले रोप वाढून वाढून झाकणापर्यंतच जाणार! शेवंतीवर रात्री दिवे लावून फुले लांबविणारे, किंवा सोलापूर-सांगलीकडे ड्रॅगन फळाच्या बागेत बिगरहंगामी फुलोऱ्यासाठी दिवे लावणारे शेतकरी यांचीही गोष्ट निराळी. त्यांच्या पिकास अन्न सूर्यच देतो. दिवा केवळ रात्र लहान झाल्याचा भास करून देतो, व त्यास मंद उजेड पुरतो. दिवसाच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो हे 1920 साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर व अॅलार्ड यांनी दाखविले, व त्यांच्या प्रयोगांत आपल्या ओळखीचे सोयाबीनही होते. तो दिवा उंच व स्थिर असला तरी चालतो. ज्या दिव्याने सूर्याचेच काम करावयाचे, तो हलता हवा.

आता हलवावा कसा? मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे शिकवावयास नको. चाक, नाडा आणि धाव हे सारे येथे लहान प्रमाणात येते. दिवे एका हलक्या लोखंडी पट्टीस जोडावे. पट्टीच्या दोन्ही टोकांस दोऱ्या बांधून त्या आढ्याच्या दोन कप्प्यांवरून भिंतीकडे आणाव्या, आणि तेथे एकाच कडीत गुंफाव्या. एक कडी ओढली की दोन्ही टोके सारखी उचलतात, वाफ्यात पाय घालावा लागत नाही. पट्टी जड असल्यास प्रत्येक टोकास आणखी एक फिरती कप्पी घालावी. ओढ निम्मी होते, मात्र दिवा एक हात उचलण्यास दोरी दोन हात ओढावी लागते. बाजारात दातेरी चाकाच्या, रॅचेट नावाने मिळणाऱ्या दोऱ्याही आहेत. एका-दोन दिव्यांस त्या ठीक. दहा दिव्यांस प्रत्येक टोक वेगळे ओढणे म्हणजे रोजचा त्रास, आणि त्रासाचे काम चार दिवसांत सुटते हे आपण सर्वच जाणतो.

दोरी कोणती असावी? कपाशीच्या मुलुखात राहून सुती दोरीची निंदा करणे जिवावर येते, पण ओलाव्याने ती आखडते व सैलावते, अंबाडीची कुजते, नायलॉन ताणला जाऊन दिवा बोटभर खाली येतो. विणीची पॉलिएस्टर दोरी किंवा बारीक पोलादी तार बरी. दिवा केवळ दोरीच्या भरवशावर न ठेवता दर टोकास एक साखळी आढ्याच्या आकड्यास अडकवावी. लामणदिव्याप्रमाणे उंची बदलली की कडी बदलावी. विजेची तार सैल ठेवून तिचा झोळ खोक्याच्या पातळीखाली सोडावा, म्हणजे पाणी ओघळून खोक्यात न जाता खाली ठिबकते. अर्थिंग व गळतीवर वीज तोडणारा स्विच यांवाचून ओल्या खोलीत दिवा लावणे हे आत्मघाताचे कृत्य आहे; येथे काटकसर नको.

ज्याच्यापाशी एकच मांडणी आहे त्याने ट्रेखाली फळ्या रचून, रोपे वाढतील तशा त्या काढीत गेले तरी भागते. ओल्या मातीचा ट्रे मात्र दिव्याहून जड असतो, आणि असे दहा ट्रे झाले की कंबर साक्ष देते.

अंतर मोजण्यास शेंडा व दिवा यांमध्ये धरावयाची खुणेची काठी पुरते. पहिली खूण कोठे करावी हे मात्र उजेड मोजूनच ठरते. मोबाइलवरील मापक एकमेकांशी जुळत नाहीत. चांगला प्रकाशमापक एकेकट्याने घेणे महाग पडते, आणि त्याचे काम वर्षातून पाच-सहा वेळांचे. आपल्या संघाने असा एक मापक विकत घेऊन सभासदांस पाळीपाळीने द्यावा, अशी आमची सूचना आहे. फवारणीचा पंप जसा गावात हातोहात फिरतो तसा हाही फिरेल. खोली थाटण्याचा विचार असलेल्या बंधूंनी व्यापाऱ्याशी बोली करण्यापूर्वी तो त्याच्या नमुन्याच्या खोलीत नेऊन, वाफ्याच्या मध्यावर व चारी कोपऱ्यांत उजेड मोजून पाहावा, आणि मग दिवा वीतभर खाली घेण्यास सांगावे.