चढताना सोळाशे, उतरताना बाराशे

"मराठी विभागासाठी लेख कमी आले आहेत" अशी चिठ्ठी नोटीस बोर्डवर लागली आणि माझ्या रूममेटने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. आता दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला मराठीत लेख लिहायला सांगणं म्हणजे सिव्हिलवाल्याला सर्किट जोडायला सांगण्यासारखं आहे! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका प्रूफ बघणाऱ्यांनी सांभाळून घ्याव्यात. विषय मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे. दहा लाखांच्या आतली, लहान, टर्बोवाली पेट्रोल गाडी.

हा विषय मेसमध्ये निघाला की पोळ्या गार होतात. दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, "देते किती?" म्हणजे लिटरला किलोमीटर किती. दुसरी पार्टी म्हणते, "पॉवर किती?" पहिल्या पार्टीत आपले बहुतेक सर लोक आहेत, दुसरीत फर्स्ट इयरपासून फायनलपर्यंतची तमाम पोरं. मी आत्तापर्यंत दुसऱ्या पार्टीची कट्टर कार्यकर्ती होते. मेकॅनिकलला आम्ही मोजक्या मुली, त्यामुळे जरा जास्तच कट्टर! गेल्या दिवाळीपासून मी दोन्ही पार्ट्यांमधून बाहेर पडले आहे. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

मी कोयनानगरची. वडील धरणाच्या नोकरीत, त्यामुळे 'टर्बो' हा शब्द कळायच्या आधी 'टर्बाइन' हा शब्द घरात होता. सेकंड इयरला टर्बोचार्जरचं कट सेक्शन मॉडेल पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला हसूच आलं. गोगलगायीच्या शंखासारखं कवच, त्यातून बाहेरच्या कडेने आत येणारा प्रवाह, मधलं पात्यांचं चाक, आणि मधोमध बाहेर जायची वाट. अहो, ही तर आमच्या कोयनेच्या चौथ्या टप्प्यातली फ्रान्सिस टर्बाइन! तिथे २५० मेगावॅटची अशी चार आहेत, इथलं चाक मुठीत मावतं. तिथे पाणी, इथे सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर. तिथलं चाक मिनिटाला काही शे फेरे मारतं, हे लाखाच्या वर जातं.

कल्पना जुनीच आहे. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा धुरावाटे वाया जातो. त्या धुराने चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं, पेट्रोल जास्त म्हणजे जोर जास्त. सिलिंडर तेवढाच. थोडक्यात, आपल्या मेसच्या डब्यात कोंबून भरलेल्या भातासारखं.

हे "सिलिंडर तेवढाच" प्रकरण आपल्या देशात फार महत्त्वाचं ठरलं, आणि त्याला कारण इंजिनिअर नाहीत, अर्थमंत्री आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या झाली. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर अबकारी कर कमी. ती रेघ अजून पुसलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हाही या रेघेच्या अलीकडे १८ टक्के आणि पलीकडे ४० टक्के असाच हिशेब झाला. सरकार सीसी मोजतं, पॉवर मोजत नाही. मग कंपन्यांनी काय करावं? सीसी कमी ठेवावेत आणि हवा कोंबावी!

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्या चाकणला तयार झालं. फोक्सवॅगनच्या पोलोला २०१० मध्ये १६०० सीसीचं साधं पेट्रोल इंजिन मिळायचं, १०५ पीएसचं. २०१३ मध्ये त्याच पोलोची जीटी टीएसआय आली. इंजिन ११९७ सीसी, टर्बो, आणि पॉवर पुन्हा १०५ पीएसच! टॉर्क उलट वाढून १७५ न्यूटन-मीटर झाला, सोळाशेच्या गाडीत तो १५३ होता. गाडी तीच, सीसीमध्ये चारशेचा फरक, आणि जोर जास्त. २०२२ मध्ये पोलोचं इथलं उत्पादन बंद झालं तेव्हा आमच्या रूममध्ये रीतसर दुखवटा पाळला होता.

रांजणगावची कथा आणखी चटका लावणारी. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये फियाटने अबार्थ पुंटो आणली. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ पीएस, किंमत दिल्लीत ९ लाख ९५ हजार. दहा लाखांच्या आत एवढी पॉवर तेव्हा कुणीच देत नव्हतं. पण १४०० सीसी म्हणजे कराच्या रेघेच्या पलीकडे, शोरूम मोजकेच, आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारणार, "देते किती?" बीएस-सहा नियम एप्रिल २०२० मध्ये लागू झाले, त्याच्या आसपास फियाटच्या गाड्याच इथल्या बाजारातून गेल्या. टाटांनी २०१८ मध्ये कोइमतूरच्या जयेमबरोबर टियागो जेटीपी काढली, ११४ पीएस आणि ६ लाख ३९ हजार. तीही दोनेक वर्षांत गेली. मारुतीची बलेनो आरएस २०१७ ला आली, २०२० ला गेली. मग २०२४ च्या जूनमध्ये टाटांची अल्ट्रोझ रेसर आली, १२० पीएस. म्हणजे दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी हिंमत करतं आणि आपण शोरूममध्ये जाऊन टेस्ट ड्राइव्ह घेऊन घरी येतो!

आता दिवाळीची गोष्ट.

माझ्या चुलत भावाने, म्हणजे दादाने, अशीच एक टर्बोवाली हॅचबॅक सेकंडहँड घेतली. गाडीचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. चार-दोन महिने चालवल्यावर त्याला वाटायला लागलं की अजून पॉवर हवी. एका गॅरेजवाल्याने लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात ईसीयू रिमॅप करून दिला. टर्बोचा बूस्ट वाढवला, बस्स. एक नटबोल्टही सैल केला नाही. सल्लागार कोण? अस्मादिक. टनामागे किती पीएस होतील याचा हिशेब मीच त्याला कागदावर करून दिला होता. तो कागद अजून माझ्या थर्मलच्या वहीत आहे.

भाऊबीज झाल्यावर आम्ही चिपळूणला निघालो. दादा गाडी चालवत होता, शेजारी मी, मागे काकू आणि माझा धाकटा भाऊ. कोयनानगर सोडलं, हेळवाक मागे पडलं आणि कुंभार्ली घाट लागला. आमच्याकडे प्रत्येक घरात एक नियम पाठ असतो, "ज्या गिअरात घाट चढतोस, त्याच गिअरात उतर." दादाने तो पाळला बरं का! आठवड्यापूर्वी तो हाच घाट चौथ्या गिअरमध्ये रुबाबात चढून आला होता. म्हणून उतरताना गाडी चौथ्यात. वळण संपलं की पाय गॅसवर, वळण आलं की पाय ब्रेकवर. मजा येत होती, खोटं कशाला बोलू. मी हसत होते.

अर्ध्या घाटात काकू म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." आमच्या पुढे एक ट्रक होता. आम्ही ठरवून टाकलं की तोच जळतोय. त्याच्या नावाने दोन शब्दही बोललो. त्याला ओव्हरटेक करून दोन वळणं गेली असतील, आणि दादाच्या पायाखाली ब्रेकचं पेडल मऊ झालं. लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं. त्याने पंप केलं, तिसरा टाकला, इंजिन किंचाळलं, मग दुसरा, मग हँडब्रेक. त्या वळणावर डावीकडे सुदैवाने डोंगर होता. गाडी गटारात जाऊन कड्याला घासत थांबली. डावीकडची पुढची रिम वाकली, एक आरसा गेला. माणसं चारही शाबूत. वळण उजवीकडचं असतं तर, यावर मी अजून विचार करत नाही.

मागून येणारी एसटी थांबली. ड्रायव्हरकाका उतरले, चाकापाशी वास घेतला आणि एवढंच विचारलं, "चौथ्यात होती काय?" दादाने मान हलवली. "अरे बाळा, गाडी इंजनावर उतरवायची असते," म्हणाले, आणि घंटीचा आवाज आला तसे निघून गेले.

होस्टेलला परत आल्यावर मी दुसरा कागद घेतला. गाडी आणि माणसं मिळून १३०० किलो धरा, घाटाचा उतार साधारण ४५० मीटर धरा. ऊर्जा होते ५७ लाख ज्यूल, म्हणजे दीड युनिटाहून थोडी जास्त वीज. याच डोंगराच्या उतारावरून पाणी खाली सोडून पोफळीला वीज तयार होते. आम्ही तीच ऊर्जा ब्रेकमध्ये जाळली. १०० च्या वेगावरून ही गाडी थांबवायला ५ लाख ज्यूल लागतात. म्हणजे पॅनिक ब्रेक लावून अकरा वेळा थांबण्याएवढी उष्णता, तीही थंड व्हायला वेळ न देता. थोडी हवेने घेतली, थोडी इंजिनाने, पण दादा मध्येमध्ये गॅस देऊन त्यात भरच घालत होता. (इलेक्ट्रिक गाडी यातली बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत भरते, पण तो वेगळा लेख.) ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं आणि ओलावलेलं ऑइल लवकर उकळतं. आधीच्या मालकाने ते कधी बदललं होतं देव जाणे. उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही.

पण मला झोपू न देणारी गोष्ट वेगळीच होती. तो घरोघरचा नियम! तो खोटा कसा ठरला?

नियम खोटा नाही, तो टर्बोच्या आधीचा आहे. साध्या इंजिनात चढताना ओढायची ताकद आणि उतरताना रोखायची ताकद दोन्ही त्याच सीसीवर ठरतात. म्हणून जो गिअर चढायला पुरतो तो उतरायलाही पुरतो. टर्बोने ही जोडी फोडली. चढताना पाय गॅसवर, धूर जोरात, चाक फिरतंय, तेव्हा बाराशेची गाडी सोळाशेची होते. उतरताना गॅस सोडला की धूर नाही, बूस्ट नाही. उरतो तो फक्त सिलिंडर, आणि तो बाराशेचाच. इंजिन ब्रेकिंग सीसी आणि फेऱ्यांवर चालतं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन त्याच वेगाला चौथ्याच्या जवळजवळ दुप्पट फेरे घेतं, म्हणून तिथेच रोख मिळते. रिमॅप केल्यावर चढताना गाडी अजून मोठी झाली, उतरताना एका सीसीनेही नाही. दादाला तो घाट चौथ्यात चढता आला, याचं श्रेय माझ्या कागदाला जातं.

आणि इथे मला अबार्थ पुंटो आठवते. पॉवर वाढवताना कंपनीने चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले होते, गाडी जमिनीजवळ आणली होती. बलेनो आरएसलाही चारही डिस्क होते. आपण या गाड्यांचे आकडे पाठ करतो तेव्हा १४५ पाठ करतो, मागच्या डिस्कचा व्यास कोणी सांगत नाही. जे गॅरेजवाला लॅपटॉपने देतो ती त्या गाडीची अर्धीच बाजू असते, आणि तीही मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात, जे आपल्यापैकी कुणी वाचलेलं नसतं. मीही नव्हतं.

म्हणून "देते किती" पार्टीला माझं म्हणणं असं की टर्बो लहान गाडी हा पोरखेळ नाही. घाटातल्या माणसाला चार माणसं आणि तांदळाची पोती घेऊन चढताना तिच्याइतकी उपयोगी गाडी नाही. नोकरी लागल्यावर मी तीच घेणार आहे. आणि "पॉवर किती" पार्टीला, म्हणजे माझ्याच जुन्या कार्यकर्त्यांना, म्हणणं असं की कंपनीने दिलेला बूस्ट राहू द्या. पैसे खाजत असतील तर टायर, पॅड आणि ब्रेक ऑइलवर घाला. त्याने कॉलेजच्या गेटवर कोणी वळून बघणार नाही, हे मला मान्य आहे.

दादाची गाडी आता मूळ मॅपवर आहे. तो घाट दुसऱ्यात उतरतो, मागचे हॉर्न वाजवतात, तो बघत नाही. काकू मात्र अजून प्रत्येक ट्रकच्या मागे नाक वर करून वास घेते.

जाता जाता एक मागणी. आपल्या ऑटो क्लबच्या यंदाच्या प्रोजेक्टच्या यादीत 'ईसीयू ट्यूनिंग' तिसऱ्या नंबरला आहे आणि ब्रेकचं नाव कुठेच नाही. वर्कशॉपमध्ये इन्फ्रारेड थर्मामीटर पडून आहे. एकच घाट दुसऱ्यात, तिसऱ्यात आणि चौथ्यात उतरून प्रत्येक वेळी डिस्कचं तापमान मोजायचं, चौथ्याची फेरी अर्ध्यात थांबवायची. सरांनी परवानगी दिली तर यादीत माझं नाव पहिलं लिहा. गाडी दादा देईल, मी विचारून ठेवलंय. पेट्रोल क्लबने भरावं.