मामा, टक्के नसतात!

एप्रिल-मे म्हणजे आपल्या ऑफिसांत अप्रेझलचा सीझन. फॉर्म भरा, बॉसच्या केबिनमध्ये बसा आणि शेवटी ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ असा गुळमुळीत शेरा घेऊन बाहेर या. पगार किती वाढला ते कळतं, पण आपलं नेमकं कुठे अडतंय हे काही कळत नाही. मग कॅन्टीनमध्ये कटिंग मारत आपण सिस्टिमच्या नावाने बोटं मोडतो. बरोबर ना?

यंदा १ मेच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आणि ताईकडे गेलो. ताई मोताळ्याजवळच्या एका खेड्यात राहते. मुंबईहून रात्रीची ट्रेन, मलकापूरला उतरायचं आणि पुढे बुलढाण्याकडे जाणारी एसटी. ऊन असं, की सकाळी नऊलाच एसी ऑफिसची आठवण यावी.

१ मे म्हणजे निकालाचा दिवस. तिसरीतला भाचा प्रगतिपत्रक नाचवत घरात शिरला.

‘‘किती टक्के रे?’’ मी टिपिकल मामासारखं विचारलं.

‘‘मामा, टक्के नसतात. श्रेणी असते. मराठीत ब-२!’’

घ्या! आपल्या वेळी साठ, सत्तर, ऐंशी असा सरळ मामला होता. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आणलं. नाव जड आहे, पण फंडा सिंपल. फक्त सहामाही-वार्षिक पेपरवर मुलाला मोजायचं नाही. पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण वर्षभराच्या कामाचे, म्हणजे आकारिक मूल्यमापनाचे. तिसरी-चौथीला ६०. त्यात तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, सरांचं रोजचं निरीक्षण असं सगळं येतं. उरलेले गुण सत्राच्या शेवटी होणाऱ्या संकलित मूल्यमापनाचे. बेरीज ६१ ते ७० मध्ये आली की ‘ब-२’. म्हणजे वाईट नाही, एकदम भारीही नाही. चक्क ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’!

ताईने पत्रकावर सही ठोकली. ‘‘पास झाला ना? मंग झालं. मले त्याच्यातलं काय समजते?’’

संध्याकाळी मी मुंबईहून नेलेलं गोष्टीचं पुस्तक बाहेर काढलं. म्हटलं, वाच. पहिल्या ओळीला गडी जोरात. दुसऱ्या ओळीत एक जोडाक्षर आलं आणि गाडी बंद. तिसऱ्या ओळीपासून चित्रं बघून अंदाजपंचे! हाच पोरगा कविता तालात म्हणतो, बोलण्यात कुणाला ऐकत नाही, प्रकल्पाची वही सजवावी तर त्यानेच. ते सगळे गुण त्याला मिळाले, आणि मिळायलाच हवेत. पण त्या बेरजेत त्याचं वाचन कुठेतरी बुडून गेलं.

मला राग आला. कुणीच कसं सांगितलं नाही? तावातावाने प्रगतिपत्रक उघडलं. श्रेण्यांच्या खाली, बारीक अक्षरात, ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात लिहिलं होतं : जोडाक्षरांच्या वाचनाचा सराव हवा. शेजारी पहिल्या सत्राचा रकाना. तिथेही तेच वाक्य आणि त्याखाली भाऊजींची सही.

बॉस, सांगितलं होतं. दोनदा! वाचलं कुणी नव्हतं. दुपारी तेच पत्रक माझ्या हातात होतं, तेव्हा मीही ‘ब-२’च्या खाली नजर नेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चावडीजवळ सर भेटले. कायदा सांगतो, की पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. सर म्हणाले, ‘‘सभा घेतो ना. पण पहिलं सत्र संपतं तेव्हा सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणी. आईबाप शेतात. पत्रक पोराच्या हाती जातं, सही होऊन परत येतं.’’ यावर काय बोलणार? ताईच्या हातावर कापसाच्या बोंडांचे ओरखडे मी पाहिलेत.

पण टेन्शन आहेच. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही, हा नियम आता तसा राहिला नाही. केंद्राने २०१९ मध्ये कायदा बदलला आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. भाच्याच्या हातात चौथी आणि पाचवी, अशी दोनच वर्षं. तेव्हा जोडाक्षर अडलं तर मराठीच नाही, गणिताचं शाब्दिक उदाहरणही अडणार.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ‘समग्र प्रगतिपत्रका’ची कल्पना आहे. मूल स्वतःबद्दल सांगणार, वर्गमित्र सांगणार, शिक्षक तर सांगणारच. थोडक्यात, आपलं ३६० डिग्री अप्रेझल! आयडिया मस्त आहे. पण पत्रक कितीही पानांचं केलं, तरी घरात कुणीतरी बसून ते वाचायला हवं. नाहीतर रकाने वाढतील आणि सही तीच राहील.

तर आमचं ठरलंय. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिराच उघडतात, तोवर सुट्टीच सुट्टी. रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल. १५ मिनिटं. तो वाचतो, मी ऐकतो आणि ताई भाकरी थापता थापता कान देते. परवा ‘स्वच्छ’वर तीन मिनिटं गेली. काल तो शब्द पुन्हा आला, तेव्हा गडी थांबला, मनात जुळवलं आणि बोलला. पलीकडून ताईचा आवाज : ‘‘आला का बरोबर?’’

तुमचाही एखादा भाचा किंवा पुतणी गावाकडच्या शाळेत असेल. या वीकेंडला फोन कराच. ‘किती टक्के?’ नका विचारू. म्हणा, ‘प्रगतिपत्रक आण आणि श्रेणीच्या खालचं मला वाचून दाखव.’ काय लिहिलंय ते तर कळेलच, पोराला वाचता येतं का तेही कळेल.