पद्मिनी कोणाची?

30 ऑक्टोबर 2023 पासून प्रीमियर पद्मिनी ही टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे नाहीशी झाली. शेवटच्या गाडीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती आणि टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची. त्या दिवसांत पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. निदान एक तरी पद्मिनी संग्रहालयात जपावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली. ती रास्तच होती. घाटकोपरात राहणाऱ्या आम्हांला मात्र या स्मरणरंजनात एक उणीव जाणवत राहिली. गाडी सर्वांना आठवली, ती घडवणारी माणसे फारशी कुणाला आठवली नाहीत.

ही माणसे आमच्या शेजारची. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला, लालबहादूर शास्त्री मार्गालगत होता. आरंभी तेथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. पुढे इटलीची फियाट आली आणि 1970 च्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. (नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली.) पाळी सुटली की सायकली आणि डबे घेऊन कामगार घाटकोपर, विक्रोळी, भांडुपच्या चाळींकडे परतत. घाटकोपरात दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत पुढे ज्या कारखान्यांतील कामगारांचे पुढारी झाले, त्यांत प्रीमियरही होता. आज त्या जागेवर इमारती आहेत; खूण म्हणावी तर ‘प्रीमियर रोड’ हे नाव तेवढे उरले आहे.

‘व्हिंटेज’ हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा, मद्याच्या रसिकांचा. मोटारींच्या बाबतीत तो काटेकोरपणे 1919 ते 1930 या काळातील गाड्यांनाच लागतो. त्या अर्थाने पद्मिनी व्हिंटेज नव्हेच! पण शब्दातला रसिकतेचा वास जुन्या गाड्यांच्या साऱ्या संचलनांत दरवळतो. तेथे मालकाचे नाव असते, गाडीचे साल असते, चकाकते क्रोम असते. सुट्या भागांच्या दुकानात तासन् तास घासाघीस करणारा, जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर काढून नव्या आयुष्याला लावणारा मिस्त्री या कौतुकात कुठे बसवायचा?

हा प्रश्न साहित्यालाही विचारावा लागेल. गिरणगावाला नारायण सुर्वे लाभले, जयंत पवारांचे ‘अधांतर’ लाभले. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्याला मराठीत तेवढा आवाज मिळाला नाही, असे आमचे मत आहे. कदाचित गिरणीसारखा एकच भोंगा येथे नव्हता. मोटारी, औषधे, यंत्रे, रंग असे सारे विखुरलेले होते, म्हणूनही असेल.

या पट्ट्याची भाषा तरी टिपून ठेवता येईल. स्टिअरिंगच्या दांड्याला लागलेला गिअर, डाव्या बाजूस बाहेर बसवलेला पत्र्याचा मीटर, ‘मीटर डाऊन’, ‘डेंटर-पेंटर’, ‘चोक ओढ’ या शब्दांत इटालियन यंत्र, इंग्रजी नाव आणि मराठी-हिंदी क्रियापद एकत्र नांदतात. पदव्युत्तर वर्गात आपण बोलींचे प्रकल्प देतो, तेव्हा विद्यार्थी कोकणात किंवा खानदेशात जातात. त्यांतल्या दोघा-तिघांना विद्याविहारच्या गॅरेजांत आणि निवृत्त कामगारांच्या घरी पाठवावे. 1970 च्या सुमारास कारखान्यात लागलेला तरुण आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात असते. येत्या सत्रापासूनच आरंभ करता येईल.